इंग्लंडमध्ये घर घेताय? सॉलिसिटरला भारतातलं सगळं पहिल्याच दिवशी सांगा

"तुमची ऑफर मान्य झाली" असा एजंटचा फोन आला की आपल्याकडे लगेच गावी फोन जातात. पण इंग्लंडमध्ये त्या घडीला कायद्याने काहीच पक्कं झालेलं नसतं. टोकन देऊन घर धरून ठेवायची इथे रीत नाही. विकणारा दुसऱ्या दिवशी जास्त पैसे देणाऱ्याकडे वळू शकतो आणि तुम्हीही कारण न देता मागे फिरू शकता. घर पक्कं होतं ते दोन्ही बाजूंच्या सह्या केलेल्या करारांची अदलाबदल झाल्यावर. इथले लोक त्याला नुसतं 'एक्स्चेंज' म्हणतात. तिथपर्यंत पोचायला सहसा तीन-चार महिने जातात आणि तो सगळा काळ तुमचं काम कन्व्हेयन्सिंग सॉलिसिटरच्या, म्हणजे घराच्या खरेदी-विक्रीचं कायदेशीर काम पाहणाऱ्या वकिलाच्या, हातात असतं.

नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांचे व्यवहार या काळात अडतात, तेव्हा दोष बरेचदा घरात नसतो. पुण्यातला फ्लॅट, आईवडिलांनी पाठवलेले पैसे, पासपोर्टवर एक आणि बँकेत दुसरंच नाव, अशा गोष्टी उशिरा बाहेर येतात आणि गाडी थांबते. म्हणून सॉलिसिटरकडून काम कसं करून घ्यायचं हे सांगताना माझा भर त्याच गोष्टींवर राहणार आहे.

इथली माहिती इंग्लंडची आहे. वेल्समध्ये पद्धत जवळजवळ हीच, पण कर वेगळा. स्कॉटलंडमध्ये कायदाच वेगळा आहे. एडिंबरा किंवा ग्लासगोत घर घेणाऱ्यांनी तिथल्याच सॉलिसिटरला विचारावं.

आपल्या पद्धतीत आणि इथे काय फरक आहे

महाराष्ट्रात घर घेताना घेणारा, विकणारा आणि साक्षीदार दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जातात, फोटो निघतो, अंगठा उमटतो, आणि नंतर इंडेक्स टू हातात पडतो. मुद्रांक शुल्क आधी भरलेलं असतं. इंग्लंडमध्ये कोणीच कुठल्या कार्यालयात जात नाही. घेणारा आणि विकणारा एकमेकांना न भेटताही घर विकलं जातं. कागद दोन्ही बाजूंच्या वकिलांमध्ये फिरतात, पैसे त्यांच्या क्लायंट अकाउंटमधून (ग्राहकांच्या पैशांसाठीच्या वेगळ्या खात्यातून) जातात, कर नंतर भरला जातो आणि शेवटी 'एचएम लँड रजिस्ट्री'त नाव चढतं.

याहून महत्त्वाचा फरक नोंदणीचा आहे. आपल्याकडे दस्ताची नोंदणी होते. तो दस्त करणाऱ्याकडे खरोखर मालकी होती का, हे वकील मागची तीस वर्षं चाळून ठरवतो. इथे मालकीच नोंदली जाते आणि त्या नोंदीमागे सरकार उभं असतं. त्यामुळे जुन्या दस्तांची साखळी शोधण्याचं काम कमी झालं आहे. सॉलिसिटरचा वेळ जातो तो घरावर कोणाचे काय हक्क आणि बंधनं आहेत ते पाहण्यात, आणि पैसा कुठून आला ते तपासण्यात.

पहिली पायरी : माणूस निवडणं

हे काम सॉलिसिटर करतो किंवा लायसन्स्ड कन्व्हेयन्सर करतो. पहिल्यावर 'सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटी'ची देखरेख असते, दुसऱ्यावर 'कौन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्स'ची. साध्या खरेदीला दोन्ही चालतात. फर्मचं नाव या संस्थांच्या वेबसाइटवर स्वतः शोधून पाहा, दोन मिनिटांचं काम आहे.

एजंट बहुधा 'आमचे सॉलिसिटर' सुचवतो. त्यासाठी त्याला फर्मकडून कमिशन मिळत असेल तर ते तुम्हाला सांगणं बंधनकारक आहे, आणि त्याच फर्मकडे जायची सक्ती तो करू शकत नाही. स्वस्तातल्या ऑनलाइन फर्म सरसकट वाईट नसतात. पण ज्यांच्या व्यवहारात भारतातून पैसे यायचे आहेत त्यांनी, माझ्या मते, दोनशे पौंड वाचवायच्या नादात कॉल सेंटरवाल्या फर्मकडे जाऊ नये. तुमची फाइल जिच्या टेबलावर आहे त्या व्यक्तीचं नाव आणि थेट नंबर मिळालाच पाहिजे.

फोनवर एवढं विचारा: माझ्या मॉर्गेज (गृहकर्ज) देणाऱ्या बँकेच्या पॅनेलवर, म्हणजे मान्य फर्मच्या यादीत, तुम्ही आहात का? फाइल कोण बघणार, ती व्यक्ती सुट्टीवर असेल तेव्हा कोण? भारतातून भेट म्हणून आलेले पैसे तुम्ही स्वीकारता का, आणि त्या तपासणीचे वेगळे पैसे लावता का? परदेशात घर असलेल्या खरेदीदाराच्या स्टँप ड्यूटीबद्दल सल्ला देता का? शेवटच्या दोन प्रश्नांवर काही फर्म तिथेच 'नाही' म्हणतात. ते 'नाही' दहाव्या आठवड्यात ऐकण्यापेक्षा पहिल्या फोनवर ऐकलेलं परवडतं.

साध्या फ्रीहोल्ड (जमिनीसह पूर्ण मालकीच्या घराच्या) खरेदीची फी अंदाजे एक ते दोन हजार पौंड असते, त्यावर २० टक्के व्हॅट. सर्चेस (घराबद्दल कौन्सिल वगैरेंकडून मागवायची माहिती), लँड रजिस्ट्रीची फी, बँक ट्रान्सफरचा खर्च हे वेगळं. लीजहोल्ड (ठरावीक वर्षांच्या हक्काचं घर), नवीन बांधकाम, भेटीचे पैसे यांना जादा आकार लागतो, म्हणून कोटेशन मागताना हे सगळं सांगूनच मागा. 'व्यवहार मोडला तर फी नाही' असं लिहिलं असलं तरी केलेल्या सर्चेसचे पैसे परत येत नाहीत.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. तुमचा सॉलिसिटर बहुधा तुमच्या बँकेसाठीही काम करत असतो. किंमत कमी झाली, डिपॉझिटमधला, म्हणजे तुम्ही कर्जाशिवाय घालणार त्या पैशांतला, काही भाग भेट आहे, अशा गोष्टी त्याला बँकेला कळवाव्या लागतात. त्यामुळे मॉर्गेजच्या अर्जात एक आणि सॉलिसिटरला दुसरं असं चालत नाही.

दुसरी पायरी : पहिल्या ईमेलमध्ये काय लिहायचं

फाइल उघडली की ओळखपत्रं, पत्त्याचा पुरावा आणि एक फॉर्म मागवला जातो. त्या उत्तरासोबतच एक साधा ईमेल लिहा आणि त्यात तीन गोष्टी मांडा.

एक, नावं. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रीच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव मधलं, बँकेत नवऱ्याचं मधलं, पॅनकार्डवर नुसती आद्याक्षरं, असं आपल्याकडे सर्रास असतं. काही घरांत लग्नात पहिलं नावही बदललेलं असतं. आपल्याला त्यात काही वाटत नाही, पण इथल्या ओळख तपासणीच्या संगणकाला ती दोन माणसं दिसतात. विवाह नोंदणीचा दाखला पहिल्याच दिवशी द्या. मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतरासह.

दोन, जगात कुठेही तुमच्या नावावर असलेलं घर. तीन, पैसा कुठून येणार. या दोन्हींबद्दल सविस्तर सांगायला हवं.

पुण्यातला फ्लॅट आणि इथली स्टँप ड्यूटी

इथल्या 'स्टँप ड्यूटी लँड टॅक्स'चे १ एप्रिल २०२५ पासूनचे दर असे : १,२५,००० पौंडांपर्यंत काही नाही, त्यापुढे २,५०,००० पर्यंत २ टक्के, त्यापुढे ९,२५,००० पर्यंत ५ टक्के. प्रत्येक दर त्या त्या टप्प्यातल्या रकमेवरच लागतो. पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ३ लाखांपर्यंत कर नाही आणि ३ ते ५ लाखांच्या टप्प्यावर ५ टक्के. किंमत ५ लाखांच्या वर गेली की ही सवलत पूर्ण जाते.

आता ४ लाख पौंडांचं घर घ्या. पहिल्यांदा घेणाऱ्याला ५,००० पौंड कर. आधी कधीतरी घर होतं पण आता नाही, त्याला १०,०००. आणि ज्याच्या नावावर दुसरं घर आहे त्याला संपूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के, म्हणजे एकूण ३०,०००.

'पहिल्यांदा' याचा अर्थ इथे जगात कुठेही पहिल्यांदा. भारतातलं घर मोजलं जातं. वारशाने आलेला हिस्साही मोजला जातो. दोघे मिळून घेत असाल तर दोघांचंही पहिलं घर असावं लागतं. जादा ५ टक्क्यांसाठीसुद्धा परदेशातलं घर धरतात, तुमचा हिस्सा ४०,००० पौंड किंवा जास्त किमतीचा असेल तर. नवराबायकोला यासाठी एकच धरलं जातं, त्यामुळे घर फक्त नवऱ्याच्या नावावर घेतलं आणि कोथरूडचा फ्लॅट बायकोच्या नावावर असला, तरी जादा कर लागतो.

आपल्याकडे कितीतरी आईवडिलांनी फ्लॅट घेताना मुलाचं नाव करारात सोबत लावलेलं असतं. मुलाने त्यात एक रुपया घातलेला नसतो, तो तिथे राहत नाही, कधीकधी त्याला ते नीट आठवतही नाही. इथे मात्र तो घरमालक ठरू शकतो. म्हणून घरी फोन करून करारनामा किंवा इंडेक्स टू काढायला सांगा आणि तुमचं नाव नेमकं कुठल्या नात्याने आहे ते पाहा. सोसायटीच्या फॉर्मवर नॉमिनी असणं आणि करारात सहमालक असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. गावच्या वाड्यात वारसाहक्काने नाव लागलं असेल तर तेही सांगा. शेतजमीन हे राहतं घर नव्हे, पण सातबारा सॉलिसिटरला दाखवलेला बरा. शेतात घर बांधलेलं असतं.

सगळंच नुकसानीचं नाही. इथे येण्याआधी तुम्ही त्या फ्लॅटमध्ये खरोखर राहत होता आणि इथलं घर घेतल्यावर तीन वर्षांच्या आत तो विकलात, तर भरलेला जादा ५ टक्के कर परत मागता येऊ शकतो. गेल्या तीन वर्षांत वारशाने आलेला निम्मा किंवा त्याहून कमी हिस्सा जादा करासाठी धरत नाहीत. पण या अटी बारीक आहेत आणि पुष्कळ सॉलिसिटर 'आम्ही परदेशी मालमत्तेवर करसल्ला देत नाही' असं पत्रात लिहूनच मोकळे होतात. तसं असेल तर करसल्लागाराला तीनचारशे पौंड द्यावे लागले तरी द्या. कराचा फॉर्म सॉलिसिटर भरतो, तरी त्यातली माहिती खरी असण्याची जबाबदारी तुमचीच असते.

नुकतेच आलेल्यांसाठी आणखी एक. खरेदीआधीच्या १२ महिन्यांत तुम्ही १८३ दिवस ब्रिटनमध्ये नसाल तर २ टक्के अनिवासी अधिभार लागतो. नंतर इथे पुरेसे दिवस राहिलात तर तो परत मागता येतो, खरेदीपासून दोन वर्षांच्या आत.

पैसा कुठून आला

२०१७ च्या मनी लाँडरिंग नियमांप्रमाणे सॉलिसिटरला तुमच्या पैशाचा उगम तपासावाच लागतो. स्वतःच्या पगारातून साठवलेले पैसे असतील तर सहा महिन्यांची बँक स्टेटमेंटं आणि पगाराच्या पावत्या बहुधा पुरतात. स्टेटमेंटमध्ये मोठी रक्कम अचानक आलेली दिसली की प्रश्न येणारच. तिच्यासमोर आधीच एक ओळ लिहून पाठवा.

आईवडिलांनी पैसे दिले असतील तर त्यांचीही तपासणी होते : पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, ज्या खात्यातून पैसे निघाले त्याची स्टेटमेंटं, आणि ती रक्कम त्यांच्याकडे कशी आली त्याचे कागद. पीएफची रक्कम असेल तर निवृत्तीचं पत्र. मुदतठेव मोडली असेल तर तिची पावती. जागा विकली असेल तर नोंदणीकृत खरेदीखत. शिवाय त्यांनी सही केलेलं पत्र लागतं, की ही भेट आहे, परत मागणार नाही आणि घरात हिस्सा सांगणार नाही.

आयुष्यभर सचोटीने नोकरी केलेल्या वडिलांना हे प्रश्न टोचतात. "आमच्यावर संशय घेतात का?" असं ते विचारतात आणि त्यांचं वाईट वाटणं मला पूर्ण समजतं. म्हणून फॉर्म पाठवायच्या आधी त्यांना फोन करून समजावा, की हे प्रश्न इथल्या प्रत्येकाला विचारतात, इंग्रज आईवडिलांनाही. सहकारी बँकेचं पासबुक, मराठी पावत्या हे चालतं, पण भाषांतरासह, आणि भाषांतराला वेळ लागतो.

काही पैसे मात्र दाखवता येत नाहीत. भिशीचे, सोनाराच्या पावतीशिवाय विकलेल्या दागिन्यांचे, फ्लॅट विकताना करारातल्या किमतीवर रोखीने घेतलेले. करारात दिसणारी आणि बँकेतून आलेली रक्कमच इथे धरली जाते. डिपॉझिटचा हिशोब तिच्यावरच करा.

भारतात राहणाऱ्या माणसाला 'एलआरएस' या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात, आणि ठरावीक रकमेच्या वर बँक टीसीएस हा कर आधीच कापते. तुमच्या स्वतःच्या एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयाच्या भारतातल्या खात्यातून) पाठवायचे असतील तर मर्यादा वर्षाला दहा लाख डॉलर आणि सीएचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं हे ध्यानात ठेवून आखणी करा. आणि पैसे थेट सॉलिसिटरच्या खात्यात पाठवू नका. आधी त्याला विचारा. बऱ्याच फर्म फक्त ब्रिटनमधल्या बँकेतून, तुमच्याच नावाच्या खात्यातून आलेले पैसे घेतात.

तिसरी पायरी : कागद वाचणं

विकणाऱ्याच्या सॉलिसिटरकडून कराराचा मसुदा, लँड रजिस्ट्रीचा उतारा आणि नकाशा येतो. सोबत विकणाऱ्याने भरलेले फॉर्म : टीए ६ मध्ये घराची माहिती, टीए १० मध्ये घरात काय राहणार आणि काय जाणार. हे तुमच्याकडेही येतात. 'वकील बघेल' म्हणून बाजूला ठेवू नका, कारण सॉलिसिटरने ते घर कधी पाहिलेलं नसतं. तो जागेवर जातच नाही. तुम्ही गेला आहात.

उताऱ्याचे तीन भाग असतात. पहिल्यात मालमत्तेचं वर्णन आणि तिच्यासोबतचे हक्क, दुसऱ्यात मालकाचं नाव, तिसऱ्यात बोजे आणि बंधनं. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात जे सापडतं त्यासारखं बरंच काही या तिसऱ्या भागात असतं : मॉर्गेज, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या जमीनमालकाने घातलेल्या अटीसुद्धा. घरात धंदा करायचा नाही, पुढच्या अंगणात कुंपण घालायचं नाही, कोंबड्या पाळायच्या नाहीत. बऱ्याच अटी आज कोणी बजावत नाही. पण घरातून डबे पुरवायचा किंवा मुलांची शिकवणी घ्यायचा विचार असेल तर सॉलिसिटरला तसं विचारा.

नकाशा छापून घ्या आणि हातात धरून घराभोवती चाला. लाल रेघेच्या आत काय आहे ते बघा. मागचं गॅरेज आत आहे का? एजंटने 'आपलीच' म्हणून दाखवलेली गाडी लावायची जागा? बाजूच्या बोळातून कचऱ्याचे डबे न्यायचे असतील तर तो बोळ कोणाचा? रेघ इंचाइंचाने अचूक नसते, शहरात हे नकाशे १:१२५० प्रमाणावर काढतात आणि हद्द ढोबळ दाखवतात. पण अख्खं गॅरेज बाहेर राहिलं असेल तर ते इथेच कळतं. काही विसंगत दिसलं तर फोटो काढून सॉलिसिटरला पाठवा.

टीए ६ मधली उत्तरंही लक्ष देऊन वाचा. शेजाऱ्यांशी वाद, पूर, जपानी नॉटवीड नावाची झपाट्याने पसरणारी वनस्पती, वाढीव बांधकामाची परवानगी, असे प्रश्न त्यात असतात. 'माहीत नाही' किंवा 'खरेदीदाराने स्वतः पाहावं' अशी उत्तरं दिसली की पुढचा प्रश्न विचारायला सांगा. इथे घराच्या दोषांची जोखीम मुळात घेणाऱ्यावर असते. विचारलेल्या प्रश्नाला विकणाऱ्याने खोटं उत्तर दिलं तर दाद मागता येते, न विचारलेल्याला सहसा नाही.

बँकेचं मूल्यांकन म्हणजे घराची तपासणी नव्हे. ती बँक स्वतःसाठी करते. जुनं घर असेल तर आरआयसीएस या सर्व्हेयरांच्या संस्थेच्या सर्व्हेयरकडून लेव्हल २ किंवा ३ चा सर्व्हे करून घ्या आणि त्याची प्रत सॉलिसिटरला द्या. छपराखालच्या माळ्याची केलेली खोली, पाडलेली भिंत अशा नोंदींवरून परवानग्यांचे प्रश्न निघतात.

सर्चेस सॉलिसिटर मागवतो : कौन्सिलचा, पाणी आणि ड्रेनेजचा, पर्यावरणाचा, काही भागांत कोळशाच्या खाणींचा. फक्त एवढं ओळखून असा, की कौन्सिलचा सर्च तुमच्या घरापुरता असतो. समोरच्या मोकळ्या मैदानावर चार मजली इमारत मंजूर झाली असेल तर त्यात दिसेलच असं नाही. ते कौन्सिलच्या प्लॅनिंग वेबसाइटवर स्वतः शोधायचं.

फ्लॅट असेल तर

इंग्लंडमधले बहुतेक फ्लॅट लीजहोल्ड असतात. मुंबईत फ्लॅट घेतला की आपण सोसायटीचे सभासद होतो, सर्वसाधारण सभेत उभं राहून बोलू शकतो. इथे तुम्ही ठरावीक वर्षांचा हक्क विकत घेता आणि जमीन दुसऱ्याची राहते. किती वर्षं उरली ते सगळ्यात आधी विचारा. ८० च्या जवळ आली असतील तर मुदत वाढवण्याचा खर्च आणि मॉर्गेज मिळण्याची अडचण, दोन्ही पाहावं लागतं. ३० जून २०२२ नंतरच्या बहुतेक नव्या लीजवर ग्राउंड रेंट (जमीनमालकाला द्यायचं वार्षिक भाडं) घेता येत नाही, पण जुन्या लीजवर असतं आणि काहींमध्ये ते दर काही वर्षांनी वाढत जातं.

सर्व्हिस चार्जचे (इमारतीच्या देखभाल खर्चाचे) मागच्या तीन वर्षांचे हिशोब आणि येऊ घातलेल्या मोठ्या कामांची माहिती मागा. इमारत ११ मीटरहून उंच असेल तर बाहेरच्या आच्छादनाबद्दल आणि २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्याच्या कागदांबद्दल विचारा. २०१७ च्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर हा विषय बँका फार काटेकोरपणे घेतात. इमारत सांभाळणाऱ्या कंपनीकडून ही माहिती यायला आठवडे लागतात, म्हणून लीजहोल्डचा व्यवहार लांबतो.

दोघांच्या नावावर घेताना

सॉलिसिटर विचारेल, 'जॉइंट टेनंट्स' की 'टेनंट्स इन कॉमन'? पहिल्या प्रकारात एक गेला की सगळं दुसऱ्याचं होतं, मृत्युपत्रात काहीही लिहिलेलं असो. दुसऱ्यात प्रत्येकाचा हिस्सा वेगळा आणि तो मृत्युपत्राने देता येतो. एका बाजूच्या आईवडिलांनी मोठी रक्कम दिली असेल तर दुसरा प्रकार आणि हिश्शांचं लेखी पत्र याबद्दल घरात मोकळेपणाने बोलून घ्या. विषय अवघड आहे हे मान्य. पण गप्प राहिल्याने तो सोपा होत नाही.

मॉर्गेज आणि मालकी हस्तांतराच्या दस्तांवरच्या सह्यांना साक्षीदार लागतो, आणि तो सही होताना समोर हजर असावा लागतो. नवरा किंवा बायको चालत नाही. शेजारी, ऑफिसमधला सहकारी चालतो. सहीच्या वेळी तुम्ही भारतात असणार असाल तर आधी सांगा. कागद कुरियरने पाठवता येतात, पण त्यात आठवडा जातो.

एक्स्चेंज आणि चावी

मॉर्गेजचं पत्र आलं, सर्चेस आणि प्रश्नांची उत्तरं मिळाली, डिपॉझिट सॉलिसिटरच्या खात्यात जमा झालं, की एक्स्चेंज होतं. दोन सॉलिसिटर फोनवर ते करतात. डिपॉझिट बहुधा किमतीच्या १० टक्के. त्या क्षणापासून दोघेही बांधले जातात. तुम्ही मागे फिरलात तर डिपॉझिट जाऊ शकतं. घराचा विमाही सहसा त्याच दिवसापासून तुम्ही उतरवायचा असतो, चावी मिळाल्यापासून नव्हे.

कम्प्लीशनची, म्हणजे उरलेले पैसे देऊन चावी घ्यायची, तारीख तेव्हाच ठरते. आपल्याला पाडवा, दसरा, अक्षय्यतृतीया हवी असते. पण ती तारीख बँकेच्या कामाच्या दिवशीच यायला हवी आणि साखळीतल्या इतर घरांनाही (विकणारा पुढे जे घर घेतोय अशा, एकमेकांवर अवलंबून असलेल्या व्यवहारांना) चालायला हवी. मुहूर्त रविवारी येत असेल तर आधीच्या बुधवारी-गुरुवारी चावी घ्या आणि कलश त्या रविवारी ठेवा. शुक्रवार टाळलेला बरा. त्या दिवशी बँकांवर ताण असतो आणि पैसे अडकले तर सोमवारपर्यंत सामान ट्रकमध्ये. नेहमीच्या करारात दुपारी दोनची वेळ असते, त्यानंतर पोचलेले पैसे दुसऱ्या कामाच्या दिवशी आले असं धरतात.

आता सगळ्यात जपून वागायची गोष्ट. पैसे पाठवायच्या सुमारास 'आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे' असा सॉलिसिटरच्या नावाने ईमेल आला, तर तो फसवणुकीचा समजा. चोर ईमेल वाचत बसलेले असतात आणि नेमक्या दिवशी लिहितात. फर्मच्या पहिल्या पत्रावरच्या नंबरवर फोन करा, खाते क्रमांक आकडा आकडा तपासून घ्या, आधी एक पौंड पाठवा, तो पोचल्याचं फोनवर विचारा, मग बाकीचे. त्या ईमेलमधल्या नंबरवर फोन करू नका.

विकताना

विकणाऱ्याने घर बाजारात आणतानाच सॉलिसिटर नेमावा, गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबू नये. टीए ६ आणि टीए १० भरून ठेवा. खिडक्या बदलल्याचं फेन्सा प्रमाणपत्र, बॉयलरचे कागद, वाढीव बांधकामाचं कौन्सिलचं पूर्तता प्रमाणपत्र शोधून ठेवा. ऊर्जा प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं. एखादा कागद सापडला नाही तर घाईने कौन्सिलला फोन करू नका, आधी सॉलिसिटरशी बोला. अशा त्रुटीवर विमा काढायची पद्धत आहे, पण तुम्ही कौन्सिलला आधीच कळवलं असेल तर तो विमा मिळत नाही. फॉर्ममध्ये खरं लिहा. शेजाऱ्याशी झालेला वाद लपवून विकलेलं घर नंतर कोर्टात नेऊ शकतं.

घर नावावर झाल्यावर

कम्प्लीशननंतर १४ दिवसांत स्टँप ड्यूटीचा फॉर्म आणि कर भरावा लागतो. ते सॉलिसिटर करतो, पण पैसे आधी घेतो. लँड रजिस्ट्रीत नाव चढायला काही आठवड्यांपासून काही महिनेही लागतात. नवीन उतारा आला की नावाचं स्पेलिंग अक्षर अक्षर पासपोर्टशी ताडून पाहा.

काम असमाधानकारक झालं तर आधी फर्मकडे लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर 'लीगल ऑम्बुड्समन'कडे मोफत जाता येतं. फर्मच्या अंतिम उत्तरानंतर सहा महिन्यांची मुदत असते.

काही वर्षांनी भारतात परत गेलात आणि इथलं घर भाड्याने दिलंत, तर लँड रजिस्ट्रीत दिलेला पत्ता बदलायला विसरू नका. तिथे तीन पत्ते देता येतात. त्यात भारतातला पोस्टाचा पत्ता आणि ईमेलही चालतो. मालक परदेशात आणि पत्रं भाडेकरूच्या दारात पडतायत, अशाच घरांवर खोट्या ओळखीने विकणाऱ्यांची नजर असते. लँड रजिस्ट्रीची 'प्रॉपर्टी अलर्ट' सेवा मोफत आहे, ऑनलाइन नोंदणी होते, आणि तुमच्या घराच्या नोंदीत काही हालचाल झाली की ईमेल येतो.